बायंडिंगला गेलेला अंक

आमच्या आईची माझ्या शिक्षणाबद्दल एकच तक्रार होती, ती म्हणजे वासाची. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या अलीकडे आमची बैठी चाळ. दोन खोल्या आणि त्यात आम्ही चौघं: आई, बाबा, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ. आम्ही मूळचे मालवणकडचे, त्यामुळे सुक्या मासळीच्या वासाने कोणी नाक मुरडायचं काही कारण नव्हतं. पण मी कॉलेजातून आले की आई मला दारातच अडवायची. "काय गो चेडवा, हय माणसांका बोंबील पुरवून पुरवून खावचे लागतत आणि तू थंय किड्यांका पोटभर वाढतंस?"

आता यात खोटं काहीच नव्हतं. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते, तीसुद्धा पेपर लिहून नाही, तर संशोधन करून प्रबंध द्यायचा, त्या पद्धतीने. विषय होता सुक्या बोंबलांना पावसाळ्यात लागणारे किडे. बोंबील मिठाच्या पाण्यात बुडवून मग वाळवले तर किडे लागतील की नाही, एवढंच मला शोधायचं होतं. वर्सोव्याला एका कोळीणबाईंकडून ताजे बोंबील घ्यायचे, अर्धे मिठाचे, अर्धे बिनमिठाचे असे त्यांच्याच दोऱ्यांवर टांगून वाळवायचे, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरण्यांत भरायचे, वर मलमलीचा कपडा बांधायचा आणि पावसाळाभर बघत बसायचं. कोळीणबाई दर वेळी मला विचारायच्या, लग्न झाल्यावर नवऱ्याला पण बरणीतच ठेवणार काय. मी म्हणायची, आधी सापडू तर दे.

दोन पावसाळे मी हे केलं. दोन्ही वेळा एकच निघालं. मिठातल्या बोंबलांना किडे कमी लागले खरे, पण जुलै आला की त्यांना पाणी सुटायचं, हाताला चिकट लागायचे आणि वर बुरशी धरायची. म्हणजे किड्यांनी सोडले आणि बुरशीने खाल्ले. मी प्रबंधात तसंच लिहीत होते, की आपल्याकडच्या पावसात नुसत्या मिठाने भागत नाही. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती, हिवाळा संपत आला होता आणि उन्हाळ्यात प्रबंध द्यायचा होता.

तो द्यायलाच हवा होता, कारण त्याच्यावर माझ्या भावाचं शिक्षण टांगलेलं होतं. बाबा गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्या आणि बाबा घरी बसले, मग कुठेतरी वॉचमन म्हणून लागले. भाऊ तेव्हा सायन्सचं पहिलं वर्ष पास झाला होता, तेही चांगल्या मार्कांनी. पण एके दिवशी तो जेवताना म्हणाला, "ताई, तू आधी संपव. मग तू कमव, मी शिकतो. दोघं एकदम शिकत बसलो तर आई-बाबा काय खातील, तुझे किडे?" आणि तो मरोळच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या गोळ्या पॅक करणाऱ्या एका कंपनीत लागलासुद्धा. मी रडले, भांडले. तो म्हणाला, नाटकं नको करूस, बरण्या बघ तुझ्या.

आता एका ज्युनियर कॉलेजात मला शिकवायची जागा तोंडी ठरली होती. प्रबंध दिल्याचा दाखला आणा आणि जूनपासून या, असं ते म्हणाले होते. भावाच्या कॉलेजातल्या क्लार्कने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, या जूनला आलास तर दुसऱ्या वर्षाला घेतो, पुढच्या वर्षीचं विचारू नकोस, गॅप फार होते. त्यामुळे जून हा आमच्या घरात महिना राहिलाच नव्हता. तो पाहुणा असल्यासारखे सगळे त्याच्याबद्दल बोलायचे.

आणि अशात माझे सर मला म्हणाले, "प्रबंध बांधायला देण्याआधी अलीकडची जर्नल्स एकदा चाळून ये."

आमच्या घरी जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही, जिच्यावर बाई लाल पेनने सही करतात. बाबांनी विचारलं, जर्नल तर तुझं बारावीलाच पूर्ण झालं ना? मी त्यांना समजावलं. जगभर लोक प्रयोग करतात. काय केलं, कसं केलं आणि काय निघालं, ते लिहून पाठवतात. त्याच विषयातले दुसरे जाणकार ते तपासतात, शंका काढतात आणि पटलं तर छापतात. असे लेख जमून जो अंक निघतो ते जर्नल. बाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे गावकीची बैठक. एकाने उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी उणं काढायचं." मी म्हटलं, अगदी तस्संच, फक्त इथे उणं काढायला वर्ष-वर्ष लागतं आणि कोणी कोणाचं तोंड बघत नाही. बाबा म्हणाले, मग बरं आहे, मारामारी होत नाही.

बोलायला सोपं, पण ही जर्नल्स मिळायची कुठे? आमच्या कॉलेजात दोन-तीन यायची, तीही देशातली. परदेशी अंक मागवणं कॉलेजच्या आवाक्याबाहेरचं होतं. मग शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या लायब्ररीत जायचं. त्यासाठी प्राचार्यांचं पत्र लागायचं. दारात रजिस्टर, त्यात नाव, कॉलेज आणि 'आपण कोण' असा एक रकाना. मी लिहायची, विद्यार्थिनी. आत गेलं तरी अंक हातात मिळायचा नाही. आधी साराचे खंड बघायचे. जगभरात काय-काय छापून आलं त्याचा प्रत्येकी चार-पाच ओळींत गोषवारा, असे जाडजूड ग्रंथ असायचे, उचलताना मनगट भरून यायचं. त्यात विषय शोधायचा, चार ओळी वाचायच्या, कामाचं वाटलं तर चिठ्ठीवर जर्नलचं नाव, वर्ष, पान लिहून द्यायचं. शिपाई आत जाणार, आणि अंक असला तर घेऊन येणार. घरी न्यायचा नाही. तिथंच बसून वाचायचा आणि उतरवून घ्यायचा.

मी दुपारभर खंड चाळत होते. सुकी मासळी, साठवण, कीड. बोट एका नोंदीवर आलं आणि तिथंच थांबलं. परदेशातल्या दोघांनी मासळी मिठाच्या पाण्यात बुडवून, वाळवून साठवली होती. शेवटची ओळ होती, की मिठामुळे मासळी कित्येक महिने चांगली राहिली.

मेले! वाट लागली! दोन पावसाळे मी जे करत बसले होते ते कोणीतरी आधीच करून मोकळं झालं होतं. आणि वर त्यांचं उत्तर माझ्या बरोबर उलटं.

मी ते सरांना दाखवलं. माझे सर शांत माणूस. त्यांनी चष्मा वर केला, ओळी वाचल्या आणि म्हणाले, "हे बघ, दोनच शक्यता दिसतात. त्यांनी तुझं काम तुझ्याआधी नीट केलंय, किंवा तुझ्या प्रयोगात काहीतरी गडबड आहे. तिसरं काही असेल तर ते या चार ओळींत नाही. पूर्ण लेख वाचून ये. त्याशिवाय मला सही करता येणार नाही."

"आणि गडबड माझीच असली तर?"

"तर आणखी एक पावसाळा," सर म्हणाले.

सरांना काय, पावसाळा येतो आणि जातो. मला त्या वाक्यात भावाचा जून वाहून जाताना दिसला. इतका राग आला ना, की सरांच्या टेबलावरची बरणी उचलून फेकावी. फेकली नाही. तीत माझेच किडे होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लायब्ररी, पुन्हा रजिस्टर, पुन्हा चिठ्ठी. शिपाई आत गेला, बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने आला. म्हणाला, बायंडिंगला गेलंय. मी थेट ग्रंथपाल बाईंकडे गेले. बाई वयस्कर, कडक, पण सांगायला बसल्या की नीट सांगायच्या. त्या म्हणाल्या, सुटे अंक हरवतात, पानं फाटतात, म्हणून वर्ष संपलं की त्या वर्षाचे सगळे अंक एकत्र शिवून पुठ्ठ्यात बांधतात. बाराचा एक ठोकळा होतो. तो परत यायला तीन-चार महिने तरी जातात.

"बाई, माझा प्रबंध त्याच्या आधी द्यायचा आहे."

"सगळ्यांचाच असतो गं," बाई म्हणाल्या. "लेखकाला कार्ड टाक. ते लोक पाठवतात."

ही तेव्हाची रीतच होती. अमुक अंकातला आपला लेख आम्हाला मिळू शकत नाही, कृपया एक प्रत पाठवावी, असं कार्ड सरळ लेखकाला लिहायचं. ओळख ना पाळख, पण लोक खरंच पाकिटात घालून लेख पाठवायचे. आमच्या सरांकडे अशा आलेल्या लेखांचा गठ्ठा होता आणि त्यावरची परदेशी तिकिटं त्यांची मुलगी जमवायची. मी त्याच संध्याकाळी कार्ड टाकलं. पण समुद्रापलीकडून उत्तर यायचं म्हणजे गणपतीच उजाडणार, हे मला कळत होतं.

रात्री जेवताना मी सगळ्यांवर चिडत होते. लायब्ररीवर, बायंडिंगवर, त्या परदेशी दोघांवर. "वर्षभर अंक कपाटात पडून होता तेव्हा कोणी बघितला नाही. मला हवा तेव्हाच नेमका मरोळला जाऊन बसलाय."

भावाचा घास हातातच राहिला. "मरोळला कुठे?"

"मला काय माहीत! बाई म्हणाल्या, मरोळला कोणी बायंडर आहे त्याच्याकडे दिलंय."

"अगं ए शहाणे," तो म्हणाला, "आमच्या कंपनीच्या मागच्या गल्लीत आहे तो गाळा. जाड-जाड इंग्रजी पुस्तकांचे गठ्ठे टेम्पोतून उतरतात. मला वाटायचं वकिलांचे आहेत. तू शहरात कशाला बोंबलत फिरतेस? तुझं जर्नल रोज माझ्या नाकासमोर आहे."

आईने दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "काखेत कळसो नि गावाक वळसो. आणखी भात घे."

दुसऱ्या दिवशी भावाच्या जेवणाच्या सुट्टीत मी मरोळला गेले. गाळा लांबट होता. एका बाजूला कापायचं मशीन, एका बाजूला दाबायचं, मध्ये लांब टेबल, आणि त्या टेबलाशी दोन बायका पानांचे जुडगे सुईदोऱ्याने शिवत होत्या. सगळीकडे खळीचा वास, शिजवलेल्या पिठाचा. मालक पन्नाशीचा, सोलापूरकडचा, बोलायला तोडून टाकणारा.

"वाचायचं असेल तर लायब्ररीत वाचा," तो म्हणाला.

"लायब्ररी म्हणते तुमच्याकडे आहे."

"माझ्याकडे बांधायला दिलंय. वाचायला नाही."

भाऊ पुढे झाला. "काका, ती नेत नाहीये. इथंच बसेल. तुम्ही जेवता तेवढ्या वेळात वाचून होईल."

मालकाने माझ्याकडे नीट बघितलं आणि नाक ओढलं. मग पुन्हा ओढलं. "हा वास कसला?"

"बोंबील," मी म्हटलं. लपवणार काय!

"मासळीचे हात घेऊन माझ्या कागदांना हात लावणार? आधीच खळीला झुरळं येतात, आता मांजरं पण बोलवा." शिवणाऱ्या बायका हसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या हसण्याने मालक जरा सैल पडला. त्याने मोरीकडे बोट दाखवलं. "साबण आहे तिथं. कोपरापर्यंत धुवा. पेन आणायचं नाही, शिसपेन चालेल. फर्मे इकडचे तिकडे करायचे नाहीत. आणि तुम्ही स्टुडंट, ते समजलं. हा कोण?"

"मी मागच्या कंपनीतला कामगार," भाऊ म्हणाला. "सोबत आलोय."

मी मोरीवर हात घासत होते. ते ऐकून माझा साबण सुटला. त्याच्या बोलण्यात दुःख-बिःख काही नव्हतं हो. बसचा नंबर सांगावा तसं त्याने सांगितलं. मला मात्र ते आतपर्यंत लागलं.

अंक आता अंक राहिला नव्हता. वरचं कव्हर, मधल्या जाहिराती सोलून काढलेल्या, पिना काढलेल्या, आणि सोळा-सोळा पानांचे घडीचे जुडगे सुटे करून रचलेले. त्यालाच फर्मा म्हणतात. हे सगळे एकावर एक शिवले की पुस्तक. आमचा लेख एका फर्म्यात सुरू होऊन पुढच्या फर्म्यात संपत होता. मालकाने दोन्ही काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले, डबा घेतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. शिवणाऱ्या बायकाही डबे घेऊन निघाल्या.

वेळ थोडा होता. मी वाचणार कधी, लिहिणार कधी? म्हणून ठरलं, भावाने मोठ्याने वाचायचं आणि मी उतरवायचं.

"सगळं वाचत बसू नको हां," मी म्हटलं. "सरळ तक्त्यांवर जा. किती मीठ, किती महिने, किती किडे, तेवढं सांग."

त्याने वाचायला सुरुवात केली ती पहिल्या ओळीपासून. लेखाचं नाव, लेखकांची नावं, ते कुठले, आधी कोणी काय म्हटलं. मी म्हटलं, अरे पुढे जा ना. तो म्हणाला, थांब गं, आधी कळू दे काय करायला निघालेत. इंग्रजी वाचायची त्याची सवय गेली होती, अडखळत होता, पण सोडत नव्हता. एखादा शब्द अडला की मागे जाऊन पुन्हा वाचायचा. डबा त्याने उघडलासुद्धा नव्हता. मी पेन्सिल आपटली. "तक्ता वाच रे बाबा, भोंगा होईल!"

"हे बघ, यांनी मासे कुठे ठेवले ते लिहिलंय," तो म्हणाला आणि वाचू लागला. कोठार कसं होतं, भिंती कसल्या होत्या, खिडक्या किती उंच होत्या. मी ऐकत नव्हते. मी मनात नव्या पावसाळ्याच्या बरण्या मोजत होते. आणि मग त्याच एकसुरी आवाजात त्याने पुढचं वाक्य वाचलं. साठवणीचा सगळा काळ कोरड्या ऋतूतला होता, एकदाही पाऊस पडला नाही, आणि कोठारातली हवा शेवटपर्यंत कोरडी होती.

"काय?" मी म्हटलं. "पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचलं. मी त्याच्या हातातून फर्मा ओढला आणि स्वतः वाचलं. कोरडी हवा! त्यांच्या मिठाला पाणी सुटायचा प्रश्नच नव्हता. त्यांचे मासे कोरडी हवा खात बसले होते आणि माझे अंधेरीच्या जुलैत भिजत होते. ते खोटे नव्हते, आणि मीही चुकले नव्हते. सरांची तिसरी शक्यता, ती ही होती. चार ओळींच्या सारात ती मावली नव्हती, कारण सारात लोक काय निघालं ते सांगतात. कुठे आणि कसं निघालं, ते आत असतं, सगळे ओलांडून जातात त्या परिच्छेदात. मीसुद्धा ओलांडूनच चालले होते.

मी इतक्या जोरात ओरडले की मालक घास तोंडात घेऊन धावत आला. "काय फाटलं?"

"काही नाही काका, काही नाही," भाऊ हसत म्हणाला. "जुळलं."

पुढचं सगळं धावपळीत झालं. मी तक्ते उतरवले, तो परिच्छेद शब्दन्‌शब्द उतरवला. भाऊ वाचत राहिला, शेवटच्या संदर्भांच्या यादीपर्यंत. मधेच विचारायचा, हे सरासरीच्या पुढे अधिक-उणे का लिहितात? नुसती किड्यांची संख्या न देता शेकडा का देतात? मी लिहिता लिहिता सांगत होते, आणि त्याला लगेच कळत होतं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. भुकेल्या माणसापुढे ताट यावं तसं. माझ्या मनात आलं, याला मी पॅकिंगच्या टेबलावर बसवलाय. आणि मग कंपनीचा भोंगा झाला. त्याने फर्मे भराभर गोळा केले, काठ जुळवून गठ्ठ्यात सरकवले, डबा तसाच बंद उचलला आणि पळाला.

सरांनी माझा उतारा वाचला. मग विचारलं, "मूळ पान स्वतः बघितलंस?"

"हो सर."

"कुठे?"

"मरोळला. गाळ्यात. हात धुऊन."

सर एवढ्या मोठ्याने हसलेले मी कधी बघितले नव्हते. म्हणाले, "आता त्यांना खोडायला जाऊ नको. त्यांच्या शेजारी बस. ते त्यांच्या जागी खरे, तू तुझ्या जागी खरी. दोन्ही का खरं ते लिही. तुझा प्रबंध तोच आहे." आणि सही केली.

मला तोवर वाटायचं, जर्नलात छापलं म्हणजे दगडावर कोरलं. मान तुकवायची नाहीतर गप्प बसायचं. बाबांना मात्र हे आधीच कळलेलं होतं. मी त्यांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "मी बोललो नव्हतो? बैठक आहे ती. तुझ्या गावात पाऊस पडतो, हे तू उठून सांगायला नको?"

मी उठून सांगितलं. प्रबंध वेळेत गेला. जूनमध्ये मी शिकवायला लागले आणि भावाने कंपनी सोडून दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. पहिल्या दिवशी जाताना तो वेंधळ्यासारखा डबा भरून दे म्हणाला आणि मग स्वतःच हसला, कॉलेज तर दुपारपर्यंतच होतं. आईने तरी भरून दिला. मी टाकलेलं कार्ड गेलं ते गेलंच, त्याचं उत्तर काही आलं नाही.

शेवटच्या वर्षाला त्याला एक छोटा प्रकल्प होता. त्यासाठी त्यालाही प्राचार्यांचं पत्र मिळालं आणि तो शहरातल्या त्याच लायब्ररीत गेला. संध्याकाळी मी वह्या तपासत बसले होते, तो चप्पल काढता काढताच सुरू झाला.

"ताई, आपण घोळ घातलाय."

"कसला घोळ?"

त्याचं काम झाल्यावर त्याला आमच्या त्या वर्षाचा खंड बघायची हुक्की आली होती. चिठ्ठी दिली, ठोकळा आला. निळा पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरं. लेख उघडला, वाचायला लागला. पण अर्ध्यात आला आणि पुढच्या पानावर भलतंच काही. आमचा दुसरा फर्मा पहिल्याच्या आधी शिवला गेला होता. भोंग्याच्या घाईत त्याने तो खालच्या ऐवजी वर सरकवला होता, आणि बायंडरने तो तसाच शिवून टाकला होता.

"अरे देवा! म्हणजे कायमचं?"

"कायमचं. पण ऐक ना. मी म्हटलं, आता ज्याला हा लेख लागेल तो बिचारा अर्ध्यात अडकणार. म्हणून खाली लिहायला पेन्सिल काढली. तर तिथे आधीच होतं!"

"काय होतं?"

"बाण. पानाच्या तळाशी, पेन्सिलीने, मागच्या बाजूला जाणारा. आणि पुढे पानाचा नंबर. कोणाचं अक्षर कोण जाणे." त्याचे डोळे चमकत होते. "आपल्यामागून कोणीतरी वाचून गेलंय गं. पूर्ण वाचून गेलंय. अर्ध्यात सोडलं असतं तर त्याला पुढचं पान सापडलंच नसतं."

कोणीतरी आधीच करून गेलं, म्हणून मी त्याच लायब्ररीत हातपाय गाळले होते. आणि हा कोणीतरी वाचून गेलं म्हणून नाचत होता. मला हसू यायला लागलं आणि रडूही, दोन्ही एकदम.

"मग तू काय केलंस?"

"बाण पुसट झाला होता. मी जरा गडद करत होतो, तेवढ्यात ग्रंथपाल बाई मागे येऊन उभ्या. अशा ओरडल्या! पुस्तकावर लिहितोस? कोण रे तू? इथं कोणी सोडलं तुला?"

"वाट लागली. काय म्हणालास?"

त्याने चप्पल कोपऱ्यात सारली, शर्टाची कॉलर नीट केली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काय म्हणणार? म्हटलं, बाई, मी विद्यार्थी."